हरळीतली आंबुटी

श्रावणातल्या एकादशीचा दुसरा दिवस होता. दवाखाना उघडून पाच मिनिटेही झाली नव्हती, तोच एक मावशी मुलाच्या खांद्याचा आधार घेत आत आल्या. वय 76. कपाळावर टेंगूळ, डावे मनगट सुजलेले आणि नखांत अजूनही काळी माती. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. रात्रपाळी संपवून तो घरी पोहोचला, आईचे मनगट पाहिले आणि अंगावरचे कपडेही न बदलता तिला घेऊन आला. आदल्या दिवशी सकाळी ती अंगणात पडली होती, आणि मुलाला कामावर असताना घोर नको म्हणून तिने ते कोणालाच सांगितले नव्हते.

“डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच हिला समजावा,” तो म्हणाला. “अंगणातले ते गवत आणि त्यातले तण उपटता उपटता ही रोज स्वतःचे हाल करून घेते. मी सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून घेतो. गवतही नको आणि पडणेही नको.”

मावशी काही वेळ गप्प होत्या. मग खाली पाहतच म्हणाल्या, “आणि चतुर्थीला दूर्वा कुठून आणायच्या रे?”

त्यांच्या घरासमोर तुळशीवृंदावन आहे आणि त्याभोवती हरळीचा चांगला रुंद पट्टा. गेली कित्येक वर्षे आळीतली निम्मी घरे चतुर्थीच्या जुड्या त्यांच्याकडूनच नेतात. या वर्षी त्या हरळीत आंबुटी माजली होती. दूर्वा खुडताना हाताला हिचीच पाने येऊ लागली, म्हणून मावशींनी ती मुळासकट काढण्याचा चंग बांधला होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. परंतु मुलाने माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न मनगटापेक्षा मोठा होता. अंगण राखायचे की आईला राखायचे, असे त्याने त्याचे दोन तुकडे केले होते. असा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो, म्हणून आजचे सदर या आंबुटीसाठी.

हे तण कोणते?

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिरवळीतल्या क्लोव्हरविषयी पानेच्या पाने लिहिलेली असतात. खरे क्लोव्हर ही थंड हवेची, शेंगावर्गातली वनस्पती. आपला शेतकरी जनावरांसाठी बरसीम लावतो, ते तिचेच भावंड. आळंदी, मोशी, चिखली, चऱ्होली या आपल्या पट्ट्यातील अंगणांत आणि सोसायट्यांच्या हिरवळीत मात्र आपण ज्याला क्लोव्हर समजतो, ती बहुतेक वेळा आंबुटी असते. कोठे तिला आंबुशी म्हणतात. आयुर्वेदात तिचे नाव चांगेरी.

ओळखणे सोपे आहे. एका देठावर तीन पानोळ्या, आणि प्रत्येक पानोळी पत्त्यांतल्या बदामासारखी, टोकाशी खाच असलेली. क्लोव्हरची पानोळी लंबगोल असते आणि पुष्कळदा तिच्यावर फिकट चंद्रकोर उमटलेली दिसते. आंबुटीचे फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. संध्याकाळ झाली की पाने छत्रीसारखी मिटतात. लहानपणी शाळेच्या वाटेवर ही आंबट पाने चघळलेली आमच्या पिढीतली मंडळी पुष्कळ असतील.

तिचे बळ तिच्या बोंडात आहे. फूल गळाल्यावर इवल्याशा भेंडीसारखे उभे बोंड धरते. ते पिकले की स्पर्शाने किंवा उन्हाने फुटते आणि बी काही फूट अंतरापर्यंत उडते. शिवाय जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाला पेरापेरावर मुळे फुटतात. त्यामुळे वरचा पाला ओरबाडला की महिनाभरात ती पुन्हा हजर होते. मावशी नेमके तेच करीत होत्या. पिकलेली बोंडे असलेले तण उपटून त्या वृंदावनाच्या कडेला ढीग घालीत होत्या. दिवसभराच्या कष्टाने तण निघत होते आणि त्याच ढिगातून बी हरळीत परत जात होते.

मावशी पडल्या कशाने?

मुलाचा समज असा, की आई गवतात पाय अडकून पडली. मी मावशींना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला लावली. एकादशीचा उपास. सकाळी अर्धा कप चहा. त्यावर रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी, नेहमीप्रमाणे. पाणी फारसे नाही. मग उकिडवे बसून दीड तास खुरपणी. ऊन चढले म्हणून त्या झटकन उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुढचे त्यांना आठवले ते जमिनीवर.

मी त्यांना तपासणीच्या टेबलावर निजवून रक्तदाब मोजला तेव्हा तो 142 होता. उभे करून एक मिनिटाने मोजला तेव्हा 114. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो दोष समजावा, असा वैद्यकातला दंडक आहे. वाढत्या वयात रक्तवाहिन्या पूर्वीच्या चपळाईने आवळत नाहीत. त्यात पोट रिकामे, शरीरात पाणी कमी आणि गोळ्यांचा अंमल. बसताना पायांत साठलेले रक्त उठताच मेंदूकडे वेळेवर पोहोचत नाही.

येथे मला माझी चूकही सांगितली पाहिजे. या मावशी सहा वर्षे माझ्याकडे येतात. दर महिन्याला मी त्यांचा रक्तदाब खुर्चीत बसवून मोजत आलो. उभे करून एकदाही मोजला नाही, आणि एकादशीला गोळ्यांचे काय करता, हेही कधी विचारले नाही. आळंदीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने हा प्रश्न विचारू नये, याला क्षमा नाही. त्या दिवशी मी त्यांच्या गोळ्यांची फेरआखणी केली आणि उपासाच्या दिवसांचा वेगळा कागद लिहून दिला. वाचकांनी मात्र आपल्या मनाने गोळी सोडू नये. एकादशी, चतुर्थी, सोमवार, जे उपास तुम्ही करता त्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्या दिवशी रक्तदाबाची, मधुमेहाची, लघवीची गोळी कशी घ्यायची ते विचारून घ्या. उपासाच्या दिवशी वाकून किंवा उकिडवे बसून करायचे काम ठेवू नका.

मुलाला मी म्हणालो, “आई गवताने पडली नाही. ती घरातल्या मोरीतून उठतानाही अशीच पडली असती.” पेव्हर ब्लॉकविषयीही दोन गोष्टी सांगितल्या. आंबुटीला फरशीच्या सांधी फार आवडतात. ब्लॉकच्या फटींत ती हरळीइतकीच सुखाने वाढते. आणि आपल्याकडच्या पावसात, सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ धरते. वृद्ध माणसाने घसरून खुब्याचे हाड मोडून घ्यावे, यासाठी त्याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

औषध मारू का?

मुलाचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. “मग एकदाच तणनाशक मारतो.” शेतीच्या दुकानात बाटली सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ग्लायफोसेट नावाचे तणनाशक हिरवे दिसेल ते मारते. आंबुटीबरोबर हरळीही जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरताच मर्यादित करणारी अधिसूचना काढली. रुंद पानांचीच तणे मारणारी दुसरी औषधे आहेत. पण ज्या दूर्वा उद्या लहान मुलांच्या हातून देवापुढे जायच्या आणि ज्या तुळशीचे पान तीर्थात पडायचे, त्यांच्या शेजारी मी ती फवारू देणार नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती. तरी श्वासातून आणि त्वचेतून विष शरीरात जाते, हा धडा प्रत्येक फवाऱ्याला लागू आहे. पॅराक्वाट हे तणनाशक तर घरात आणूच नये. त्याचा घोटभर अंश पोटात गेला तरी फुप्फुसे निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही औषध काढून ठेवू नका. अंधूक दृष्टीच्या किंवा विसरभोळ्या माणसाच्या घरात त्या एका सवयीने जीव जातो.

मीठ टाकण्याचा आणि उकळते पाणी ओतण्याचा सल्लाही ऐकू येतो. मिठाने माती नासते. आणि उकळत्या पाण्याचे पातेले घेऊन थरथरत्या हातांनी अंगणाच्या पायऱ्या उतरणे म्हणजे भाजण्याला निमंत्रण.

रोज वीस मिनिटे

आंबुटी समूळ जाणार नाही, हे आधी मान्य करावे. तिला बोंड धरू द्यायचे नाही, एवढेच उद्दिष्ट ठेवले तर काम वृद्ध शरीराला पेलते आणि दोन-तीन हंगामांत तण आटोक्यात येते.

पावसानंतर माती वाफशावर आली की तण मुळासकट सुटते, म्हणून तोच दिवस निवडा. वाळलेल्या घट्ट मातीत ओढाताण केली तर मूळ तुटून आत राहते आणि कंबर मात्र धरते. पिवळी फुले दिसताच त्या रोपांवर आधी हात चालवा. बोंडे असतील तर ती प्रथम पिशवीत खुडून घ्या, मग रोप काढा. हा पाला घरच्या खतात न टाकता पिशवी बांधून कचऱ्यात द्या. हरळी फार खरवडून कापू नका. ती दाट राहिली तर आंबुटीच्या बियांना उजेड मिळत नाही, आणि उजेडाविना ते बी सहसा रुजत नाही. कुंड्यांत आणि झाडांच्या आळ्यांत वाळल्या पाल्याचा दोन-तीन इंच थर दिला तर तोच उपयोग होतो. रोपवाटिकेतून कुंडी आणली की वरची माती पाहून घ्या. पुष्कळ घरांत हे तण तेथूनच येते.

आता शरीराचे. उकिडवे बसू नका. फूटभर उंचीचे भक्कम स्टूल घ्या आणि लांब दांड्याचे खुरपे वापरा. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी जमिनीवर बसण्याचा मोह टाळावा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की काम थांबवा, स्टुलावरच बसून पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवा, मिनिटभर थांबा आणि मग काहीतरी धरून उठा. वेळ सकाळची, न्याहारीनंतरची. सोबत पाण्याचा तांब्या.

अनवाणी जाऊ नका. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतलेला दोन दिवस कळत नाही. आत आल्यावर पाय धुऊन, पुसून, तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. हातमोजे घाला. मातीत काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस दर 10 वर्षांनी घ्यावी. पावसाळ्यात कुंडी किंवा दगड हलवण्यापूर्वी काठीने आवाज करा. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलवू न देता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रक्त पातळ करणारी गोळी आणि क्लोव्हर

ज्यांना हृदयाची झडप बदलल्यामुळे किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे वॉरफरिन चालू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. या गोळीचा उगम क्लोव्हरमध्येच आहे. 1920 च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गोठ्यांत गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. त्यांनी ‘गोड क्लोव्हर’ या चाऱ्याची बुरशी आलेली गंजी खाल्लेली असे. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या चाऱ्यातले द्रव्य हाती लागले. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून ते बाजारात आले आणि 1954 पासून माणसांसाठी औषध म्हणून. प्रमाण सांभाळले तर गुठळीपासून वाचवते, सुटले तर रक्त वाहवते.

म्हणून अशा रुग्णाने बागेत जाताना लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत. खुरपे लागले तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे. मधेच उचलून पाहू नये. आणि डोक्याला मार लागला तर काहीही होत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपटलेली आंबुटी खावी का?

भाजीत मूठभर पाने, चटणीला आंबटपणा, हे पूर्वापार चालत आले आहे. निरोगी माणसाने अधूनमधून खाल्ल्यास हरकत नाही. पण तिचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा आहे. मुतखड्याचा इतिहास असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती टाळावी. तिचा रस ‘औषध’ म्हणून रोज पिणे तर त्यांना घातकच. वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोणतीही पालेभाजी अचानक वाढवू नये, कारण हिरव्या पानांतले व्हिटॅमिन के गोळीचा परिणाम कमी करते. आणि जेथे कधीही फवारणी झाली असेल तेथले पान तोंडात घालू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी

वृद्धांना पडण्यापासून वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांना बसवून ठेवणे, आणि त्याचीच किंमत सर्वांत जास्त पडते. जो चालत नाही, वाकत नाही, त्याच्या मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांत झिजू लागतात आणि पुढच्या वेळी तो अधिक सहज पडतो. शिवाय आईच्या हातून शेजाऱ्यांना दूर्वा जात होत्या, त्या थांबल्या तर सकाळी उठून अंगणात येण्याचे कारणही जाते. ‘हे करू नकोस’ असे सांगण्यापूर्वी ते काम तिला कसे करता येईल, हा विचार एकदा करून पाहावा. पाळीच्या नोकरीत तुम्हाला वेळ नसतो, हे मी जाणतो. पण आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तिच्याबरोबर बसून पिवळी फुले खुडणे तुम्हालाही जमेल. तेवढ्या वेळात तिच्या उठण्याबसण्यावरून तुम्हाला जे कळेल, ते मला तपासणीच्या टेबलावर कळत नाही.

मुलाने माझे ऐकले, पण पूर्ण ऐकले असे नाही. दारापासून वृंदावनापर्यंत त्याने खडबडीत फरशीची वाट केली आणि तिच्या कडेला पाइपाचा कठडा लावला. उरलेल्या जागेत, जेथे दिवसभर ऊन असते तेथे, विटांचा अडीच फूट उंच वाफा बांधून त्यात हरळी लावली. आता मावशी खुर्चीवर बसूनच दूर्वा खुडतात. कार्तिकी यात्रेला त्यांच्याकडे उतरलेल्या वारकरी बायका त्या वाफ्याच्या कडेला टेकून बसल्या होत्या, तेव्हा मी तेथून जात होतो. मावशींनी हाक मारून थांबवले आणि वाफ्यातले एक तीन पानांचे रोप दाखवले.

“आली बरं का डॉक्टर, ही इथंही आली. नवीन मातीतूनच आली मेली.”

“मग काय करणार?”

“काय करायचंय? फूल आलं की काढीन,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीचा हात धरून, पावले हलवून, मिनिटभर थांबून उभ्या राहिल्या.